डोळस मुअज्जिन

नाईलच्या पुराने दमियातच्या कोळीवाड्यातली मशीद धुऊन नेली आणि बरकातचं पोट त्या मशिदीवर होतं. मिसरूड फुटल्यापासून तो तिथे बांग देत आला होता. आवाज असा, की होड्या पार समुद्राच्या तोंडाशी असल्या तरी माणसं वल्ही थांबवून ऐकायची. पण मुअज्जिनाला मशीद तर हवी! बायको नुझा, दोन गाठोडी आणि एक तांब्याचं पातेलं घेऊन तो कैरोला आला, कारण त्या साली सगळेच कैरोला येत होते. कैरोत सुलतान बांधत होता.

हा सुलतान गादीवर आल्यापासून एक दिवस स्वस्थ बसला नव्हता. त्याच्याच सरदारांनी दोनदा किल्ल्याला वेढा घातला, दोनदा तो त्यातून निसटला आणि दर वेळी वाचला की नवं बांधकाम काढी. आधी इस्पितळ झालं, मग सराई झाली. आता किल्ल्याच्या पायथ्याशी मदरसा उठत होता, दोन बाजूंना दोन मनोरे, मधे त्याची स्वतःची कबर. जिवंतपणी स्वतःची कबर इतक्या घाईने बांधून घेणारा माणूस शहराने पाहिला नव्हता. दगडाने लादलेले उंट दिवसभर रस्ता अडवून उभे असत. बाजारात कुणी जोरात धावला तरी दुकानदार फळ्या लावायला घेत. उगाच नाही, बंड झालं की पहिली लूट त्यांचीच होई.

मदरशाला मुअज्जिन हवे होते. बरकात आनंदाने गेला आणि तोंड पाडून परत आला.

"आवाज नाही आवडला?" नुझाने विचारलं.

"आवाज ऐकलाच नाही. आंधळे पाहिजेत त्यांना."

"काय पाहिजेत?"

"आंधळे. मनोरा एवढा उंच झालाय, की वरून साऱ्या सरदारांच्या घरांची अंगणं दिसतात. बायका गच्चीवर असतात, केस वाळवत असतात. सुलतानाने अट घातलीय, बांग देणाऱ्याला दिसता कामा नये."

नुझा वाल निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मिटा की डोळे. नाहीतरी मी घरात मरमर मरते ते कुठे दिसतं तुम्हाला!"

ती गमतीने बोलली होती. पण बरकातने लगेच डोळे मिटून दोन पावलं टाकून बघितली. कैरोत त्यांना ओळखणारं कुणीही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात नुझा नवऱ्याचा हात धरून त्याला बांधकामावर घेऊन गेली. बांधकामावरचा अमीर तुघान घोड्यावर बसूनच लोकांशी बोलत असे. त्याने चाबकाची मूठ बरकातच्या नाकासमोर एकदम आणली. बरकात हलला नाही. आदल्या दिवशी नुझाने डोळ्यांसमोर चमचा नेऊन नेऊन त्याला तयार केलं होतं.

"ओरड," अमीर म्हणाला.

बरकातने बांग दिली. दगड फोडणाऱ्यांचे हातोडे थांबले. अमीराने घोडा वळवला आणि वळता वळता म्हणाला, "पूर्वेचा मनोरा याला द्या."

पश्चिमेचा मनोरा शेख उबैदकडे होता. म्हातारा, देवीच्या साथीत लहानपणीच डोळे गेलेला, जिभेने तिखट. पहिल्याच दिवशी त्याने बरकातला जिन्याच्या तोंडाशी गाठलं.

"दमियातवाल्या, किती वर्षं झाली डोळे जाऊन?"

"लहानपणापासून, शेख."

"असं? मग जिना चढताना प्रत्येक झरोक्यापाशी पाय का रेंगाळतो तुझा? आंधळ्याला झरोका काय अन् भिंत काय."

"वारा लागतो तिथे. बरं वाटतं."

"लागू दे, लागू दे वारा," उबैद म्हणाला. "या जागेसाठी माझा भाचा आला होता. तोही माझ्यासारखाच. जामा मशिदीच्या दारात बसतो आता हात पसरून."

त्या दिवसापासून बरकातला झोप लागेना. उबैद सांगेल का, कधी सांगेल, कुणाला सांगेल, हाच विचार. बाहेर पडला की नजर एका जागी ठेवायची, समोरून गाढव आलं तरी बाजूला व्हायचं नाही, नुझाने दंड ओढला तरच हलायचं. कोपऱ्यावरचा टरबूजवाला त्याच्या हातात मऊ पडलेलं, एका बाजूने सडलेलं फळ ठेवायचा आणि वर म्हणायचा, "साखर आहे, शेख, साखर! वास घेऊन बघा." बरकात ते डाग बघत बघत वास घ्यायचा आणि पैसे द्यायचा.

"त्याच्या डोक्यात घालावंसं वाटतं ते टरबूज," घरी येऊन तो म्हणायचा.

"घाला आणि मग जाऊ या दमियातला पोहत," नुझा म्हणायची.

सुरुवातीला तिला मजा वाटली. नवरा हाताशी, जिथे नेईल तिथे येतो, कुठल्या बाईकडे बघत नाही. पण हिवाळा सरेपर्यंत तीही कंटाळली. सोंगाची सवय त्याच्या अंगात मुरत चालली होती. दार लावल्यावरही तो तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत बोलायचा. एकदा तिने मेंदी काढलेले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले आणि तो म्हणाला, "पाणी दे."

"घरात तरी डोळे उघडा हो," ती म्हणाली. "मी काय अमीराची गच्ची आहे, माझ्याकडे बघायला बंदी असायला?"

वर मनोऱ्यावर मात्र त्याला बघावंच लागे. तिथे कुणी नसे. खाली पिवळं, धुळकट शहर पसरलेलं, पलीकडे नदी आणि शिडं. गच्च्यांवर बायका असत हे खरं. पहिल्या दिवशी त्याने पाहिलं, कान गरम झाले, आणि त्यानंतर गच्च्यांकडे पाठ करून तो उभा राहू लागला. पाठ केली की तोंड मनोऱ्याच्या भिंतीकडे येई. त्यामुळेच त्याला ती भेग दिसली.

सज्ज्याच्या बुंध्याशी, जिथे चौकोनी मनोरा अष्टकोनी होतो तिथे, ती सुरू होत होती. आधी केसाएवढी होती. त्याने मनाची समजूत घातली, की गिलावा वाळताना असं होतं. मग एक दिवस त्याने त्यात गवताची काडी खोचून ठेवली. काही दिवसांनी गेला तर काडी खाली पडलेली. त्याने जाड काडी खोचली. पुढे तीही सैल झाली. शेवटी भेगेत करंगळीचं नख शिरायला लागलं.

मनोऱ्याच्या तळाशी पाणपोई होती. दिवसभर तिथे बायकांची, भिश्त्यांची, बिऱ्हाडं पाठीवर घेऊन आलेल्या लोकांची दाटी असे.

त्याने नुझाला सांगितलं.

"तुम्ही आंधळे आहात," ती म्हणाली. "आंधळ्याला भेग दिसत नाही."

"बोटाला लागली म्हणून सांगतो."

"सांगा. पण जपून सांगा."

मनोऱ्याचा मुख्य गवंडी उस्ताद खिद्र हा रुंद खांद्याचा, सतत घाम पुसणारा माणूस होता. बरकातने चाचपडत त्याला गाठलं आणि सांगितलं, की सज्ज्याच्या बुंध्याशी हात फिरवताना बोट आत जातं.

खिद्रने आजूबाजूला पाहिलं आणि त्याला चुन्याच्या ढिगामागे ओढलं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग नकोच सांगूस. मला माहीत आहे. चुना वाळायच्या आधी वर दगड चढवलेत. मी अमीराला म्हटलं, दोन महिने थांबू या. तो म्हणाला, सुलतान दोन महिने असेल का, ते सांग. आता काय म्हणू मी? उतरवा म्हणू? आधी माझं मुंडकं उतरेल."

"उस्ताद, खाली पाणपोई आहे."

"मला ठाऊक आहे खाली काय आहे ते! मीच बांधलीय." खिद्रने पुन्हा घाम पुसला. "पहिला जुमा होऊन जाऊ दे. सुलतान येईल, नमाज पढेल, मानाची वस्त्रं वाटेल, जाईल. मग हळूच लोखंडी पट्टी मारतो मी. तोवर तूही गप्प बस. तुझा आवाज चांगला आहे, त्याचं खा."

शुक्रवारच्या त्या जुम्याला अजून काही दिवस होते. ते बरकातने कसे काढले ते नुझाला विचारावं. घास तोंडाशी नेऊन तो खाली ठेवी. अंगणात येरझाऱ्या घाली, मग बसे, मग पुन्हा उठे. दोनदा तो अमीराकडे जायला निघाला आणि दोनदा कोपऱ्यावरून परत आला. "मी खरंच आंधळा असतो तर बरं झालं असतं," असं एकदा म्हणाला, तेव्हा नुझाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तो शुक्रवार उजाडला. किल्ल्यापासून मदरशापर्यंत गालिचे अंथरले होते. पाणपोईत त्या दिवशी पाण्याऐवजी साखरेचं सरबत वाटणार होते, त्यामुळे अर्धं शहर मनोऱ्याच्या पायाशी लोटलं होतं. सुलतानाची स्वारी निघाली तशी उंटांवरचे नगारे वाजू लागले. वर सज्ज्यात उभ्या असलेल्या बरकातला तो आवाज कानांआधी तळपायांना जाणवला.

त्याने भेगेकडे पाहिलं. तिच्यातून वाळू गळत होती, बारीक, सारखी, न थांबता. नगाऱ्याच्या प्रत्येक टोल्याबरोबर थोडी जास्त.

पश्चिमेच्या मनोऱ्यावरून उबैदची बांग सुरू झाली. बरकातनेही कानांवर हात ठेवले आणि सूर लावला. शब्द सवयीने येत गेले. तळहाताएवढी एक खपली भिंतीपासून सुटली आणि खाली गेली. कुणी वर पाहिलं नाही. आता पुढचा शब्द होता, नमाजाला या. लोकांना हाक घालायची, या. आणि जे येणार ते थेट या मनोऱ्याखाली येणार.

तो शब्द त्याच्या तोंडून निघेना.

बांग मधेच तुटली हे सगळ्यांच्या लक्षात आलं. हजार माना वर झाल्या. बरकात कठड्यावरून वाकला आणि ज्या आवाजाने होड्या थांबायच्या त्या आवाजाने ओरडला, "येऊ नका! पळा! मनोरा फुटलाय, पळा! ए निळ्या बुरख्यातल्या बाई, पोर उचल आणि पळ! सरबतवाल्या, तुझ्या डोक्यावर आहे! बाजूला हो!"

निळ्या बुरख्यातली बाई पळाली. मग सगळेच पळाले. 'पळा' हा शब्द त्या शहरात एकाच कारणाने, बंड झालं की ऐकू येई, आणि शिपायांनी तोच अर्थ घेतला. तलवारी उपसल्या गेल्या. सुलतानाचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. कुणीतरी लगाम पकडला, आणि सारी स्वारी गालिचे तुडवत किल्ल्याकडे उधळली. किल्ल्याचे दरवाजे लागल्याचा आवाज मनोऱ्यापर्यंत आला. सरबतवाला पळणाऱ्यांच्या पायाखाली सापडला आणि त्याचा हात मोडला.

चौक रिकामा झाला. चपला, पगड्या, फुटलेले पेले.

आणि मनोरा उभाच होता. वाळू गळायचीही थांबली होती.

दुसऱ्या दिवशी काजीसमोर बरकातला उभं केलं, तेव्हा अमीर तुघानच्या चेहऱ्यावर रागापेक्षा भीती जास्त होती. रात्रभर सुलतानाने त्यालाच प्रश्न विचारले होते.

"याने सुलतानाची फसवणूक केली," अमीर म्हणाला. "सरदारांच्या जनान्यात डोकावला. शुभकार्यात दंगा घातला. काजीसाहेब, आपण कशाला डोकं शिणवता? सुलतानाला आंधळा मुअज्जिन हवा होता, यालाही ती नोकरी हवी होती. सुई तापवा. दोघांचंही समाधान होईल."

नुझा दारापाशी बसली होती. तिने दोन्ही हातांनी उंबरा घट्ट पकडला.

काजी वयस्कर आणि सावध होता. त्याने शेख उबैदला बोलावलं.

"तुम्हाला ठाऊक होतं याला दिसतं ते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"मला विचारलं नाही कुणी. मला कुणी काही विचारत नाही, काजीसाहेब. हात धरतात आणि बसवतात."

"हा गच्च्यांकडे बघायचा?"

"ते मी कसं सांगू?" उबैद म्हणाला. दरबारातला एक कारकून हसला आणि लगेच गप्प झाला. म्हातारा पुढे बोलला, "याने माझ्या भाच्याची भाकरी खाल्ली. ते मी माफ करत नाही. द्या शिक्षा. पण भेग खोटी नाही. मागे हा तापाने पडला होता तेव्हा पूर्वेची बांग मी दिली होती. माझं बोट आत गेलं, पहिल्या पेरापर्यंत. मी खाली आलो आणि गप्प बसलो. म्हटलं, आपल्याला काय करायचंय, आपला मनोरा पश्चिमेचा. याचे डोळे काढणार असाल तर माझी जीभही काढा."

काजीने उस्ताद खिद्रकडे पाहिलं. खिद्रने मान खाली घातली. ते सगळ्यांना पुरलं.

डोळे वाचले. फटके बसले, आणि मग बरकातला गाढवावर उलटं बसवून, गळ्यात घंटा बांधून बाजारातून फिरवलं. नुझा गाढवाशेजारून चालत होती. कुणी शिवी दिली की ती दमियातची अस्सल कोळ्यांची शिवी परत करत होती. कोपऱ्यावर टरबूजवाला दुकानाबाहेर आला आणि तोंडाचा आ करून बघत राहिला.

"म्हणजे तुला दिसत होतं? मी फळं देत होतो तेव्हा?"

"रोज," बरकात म्हणाला.

टरबूजवाल्याने खालचा ओठ चावला आणि एक चांगलं, जड, हिरवंगार टरबूज नुझाच्या हातात दिलं. "मघाशी त्या चौकात माझी बहीण होती," एवढंच तो पुटपुटला, आणि आत गेला. मघाशी नव्हे, काल. पण कुणी त्याला दुरुस्त केलं नाही.

मनोऱ्याखाली पुढे कुणी फिरकेना. हुकूम निघाला, की मनोरा पक्का आहे, पाणपोई वापरावी. लोक लांबच्या विहिरीवर जाऊ लागले. सरबत फुकट ठेवलं तरी कुणी येईना. जुम्याला मदरशात नोकरलोकांच्याच रांगा. सुलतान तिथे दुसऱ्यांदा आला नाही. वसंतात सरदारांनी तिसऱ्यांदा किल्ला वेढला, आणि या वेळी त्याला निसटता आलं नाही. त्याचं प्रेतही त्या कबरीत आलं नाही. कुठे टाकलं ते कुणी सांगत नसे. नवा सुलतान गादीवर आला आणि पहिल्याच महिन्यात त्याने पूर्वेचा मनोरा उतरवायला लावला.

बरकात तेव्हा नदीकाठी, जुन्या शहराच्या घाटावर राहत होता. तिथल्या नावाड्यांनी त्याला आपल्या छोट्या मशिदीत ठेवून घेतलं होतं. छप्पर माणूसभर उंच. वर चढायचीही गरज नव्हती. पोटापुरतं मिळे. पण स्वस्थता काही आली नाही. मनोरा पडला असता, की नसता? कदाचित शंभर वर्षं उभा राहिला असता आणि आपण एका सरबतवाल्याचा हात फुकट मोडला. हे तो नुझाला इतक्या वेळा विचारी, की ती म्हणे, "आता मीच येऊन तुम्हाला फटके देते."

एका दुपारी घाटाला दगडांनी भरलेली नाव लागली. वर उस्ताद खिद्र, घाम पुसत. बरकातने दगड पाहिले आणि ओळखले. सज्ज्याची नक्षी त्यांच्यावर तशीच होती.

खिद्रही त्याला बघून चपापला. मग उतरून जवळ आला. "बरा आहेस ना, शेख?"

"उस्ताद, एकच सांगा. पडला असता?"

खिद्रने पाण्याकडे पाहिलं. "पाया उकरला आम्ही. खाली जुना उकिरडा निघाला. राख, खापऱ्या, हाडं. भेग वरून नव्हती आली, खालून आली होती. पडला असता. कधी, ते अल्लाला ठाऊक. तुझी काही चूक झाली नाही."

बरकात मटकन खाली बसला. इतके महिने जे ओझं छातीवर होतं ते हललं, आणि त्याला एकदम रडू आलं. खिद्र अवघडून उभा राहिला. नावाडी दोर सोडत होते.

"हे दगड कुठे निघालेत?" डोळे पुसत बरकातने विचारलं.

"समोर, बेटावर. नव्या सुलतानाचा मदरसा. मनोरा त्याला आधीच्यापेक्षा उंच हवाय."

"पाया?"

खिद्र नावाड्यांना दोर आवरायला सांगू लागला.

"उस्ताद, पाया किती खणलाय?"

"बेट आहे ते, बरकात. खणलं की पाणी लागतं. आणि ईदेच्या आत पुरा करायचाय, अमीर रोज येऊन..." तो मधेच थांबला.

बरकात उठला. मागे घराच्या दारात नुझा उभी होती, हातात पळी, वालांच्या वाफेने चेहरा ओला. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काय होणार ते तिला कळलं.

"अहो, जेवण झालंय," तिने हाकारलं. "आता कुठे?"

"बेटावर जाऊन येतो."

"तिथे काय आहे तुमचं?"

"बघून येतो," तो म्हणाला, आणि नाव काठ सोडायच्या आत दगडांवर चढला.

खिद्र त्याच्यामागे चढताना ओरडला, "अरे, पुन्हा गाढवावर बसायचंय का तुला?" बरकात पुढच्या टोकाला जाऊन उभा होता. समोर बेटावर वाशांची परांची चढत चालली होती आणि वर माणसं दगड ओढत होती. त्यांच्याखाली चुलीचे धूर निघत होते. त्याने डोळ्यांवर हात धरला आणि नीट बघायला सुरुवात केली.